पक्षाघात आणि हृदयविकाराच्या संशोधनात रुग्ण-सल्लागार गट: कधी बसवायचा, कोणाला घ्यायचं, खर्च किती

केस_रेकॉर्ड (धागाकर्ता)

हा विषय इथे तुकड्यातुकड्यांत बऱ्याचदा निघतो, म्हणून स्वतंत्र धागा. चाचणीत नाव नोंदवून औषध घेणाऱ्या रुग्णांबद्दल हा धागा नाही. अभ्यास काय शोधणार, काय मोजणार, लोकांना किती वेळा दवाखान्यात बोलावणार हे ठरवताना संशोधकांसोबत बसणारे रुग्ण, त्यांच्या घरचे आणि वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वयंसेवक यांच्याबद्दल आहे.

सर्वात मोठी चूक वेळेची होते. प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) पक्का झालेला असतो, नैतिकता समितीकडे (संशोधनाला मान्यता देणारी समिती) कागद जायला आठवडा उरलेला असतो, आणि तेव्हा ओपीडीतल्या दोन बऱ्या झालेल्या रुग्णांना माहितीपत्रक वाचायला दिलं जातं. त्या टप्प्यावर त्यांनी काहीही सुचवलं तरी बदलता येण्यासारखं फक्त शुद्धलेखन उरतं. अभ्यासाचा प्रश्न, मुख्य मोजमाप आणि भेटींचं वेळापत्रक या तीन गोष्टी ठरायच्या आधी गट बसला पाहिजे. म्हणजे अनुदानाचा अर्ज लिहायला घेण्याआधी निदान तीन महिने.

रुग्णांना आधी विचारलं की प्रश्न कसे बदलतात याचं चांगलं उदाहरण स्कॉटलंडचं. तिथे जेम्स लिंड अलायन्सच्या (संशोधनाचे प्रश्न रुग्णांसोबत ठरवणारा ब्रिटिश उपक्रम) पद्धतीने रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे यांनी मिळून पक्षाघातानंतरच्या आयुष्याबद्दलचे दहा प्रश्न निवडले. यादी २०१२ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पहिला प्रश्न स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कशी सुधारायची हा. त्यानंतर कायम राहणाऱ्या परिणामांशी जुळवून कसं घ्यायचं, मग वाचाघात (मेंदूच्या इजेमुळे बोलणं-समजणं अडणं). पुढे हात, नजर, थकवा. औषधांच्या चाचण्यांची यादी काढून शेजारी ठेवली तर अंतर लगेच दिसतं.

गटाचा आकार आठ ते दहा. त्याहून मोठा झाला तर बोलणारे तिघेच बोलतात. पक्षाघातावरच्या अभ्यासासाठी साधारण पाच रुग्ण (त्यांत एक तरी वाचाघाताचा, एक व्हीलचेअरवरचा), तीन काळजी घेणारे, दोन स्वयंसेवक. झटका येऊन सहा महिने तरी झालेले असावेत, त्याआधी घर सावरलेलं नसतं. निवड स्वतः उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करू नये, कारण आपल्या डॉक्टरांसमोर 'हे चुकतंय' असं सहसा कोणी म्हणत नाही.

बाकीचं जाणकारांनी भर घालावी. विशेषतः कायदा, खर्च आणि मोजमाप.

सामान्य_सदस्य

कायद्याची बाजू मांडतो. 'नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९' प्रमाणे नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक महिला, एक कायदेतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी असा एक स्वतंत्र सदस्य हवाच. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. बैठकीला किमान पाच जण लागतात आणि त्या पाचांत सामान्य नागरिक असावाच लागतो.

हा सदस्य म्हणजे रुग्णांचा प्रतिनिधी झाला असं अनेक संशोधक धरून चालतात. ते बरोबर नाही. त्याच्यासमोर तयार प्रोटोकॉल येतो. त्याचं काम सहभागींच्या हक्कांचं रक्षण करण्याचं, आखणी करण्याचं नाही. शिवाय त्याला पक्षाघात झालेला असेलच असं नाही. त्यामुळे समितीत सामान्य सदस्य आहे म्हणून वेगळा गट नको, हे कारण टिकत नाही. तसंच उलट बाजूनेही: सल्लागार गटातला माणूस त्याच अभ्यासावर समितीत मत द्यायला बसवू नका, हितसंबंधांचा प्रश्न येतो.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाचा सहभाग आणि समुदाय सल्लागार मंडळाचा उल्लेख आहे. अर्जात त्याचा आधार घेता येतो. गट नुसता सल्ला देत असेल तर सदस्यांकडून चाचणीचं संमतिपत्र घ्यायची गरज नाही, एक पानी गोपनीयतेचं पत्र पुरेसं. पण त्यांच्या मुलाखती घेऊन, ध्वनिमुद्रण करून त्यावर निबंध लिहायचा असेल तर ते स्वतःच संशोधन झालं, मग समितीची मान्यता आधी. मधल्या परिस्थितीत समितीला पत्राने कळवून ठेवावं, पुढचे वाद टळतात.

चातगाव_रस्ता

प्रश्न कोणाचा, यावर गडचिरोलीतलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेने सुरुवातीच्या काळात तिथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर अभ्यास केला. शास्त्रीयदृष्ट्या निष्कर्ष महत्त्वाचे होते, पण लोकांना त्यात रस नव्हता, ती त्यांनी मागितलेली गोष्ट नव्हती. डॉ. अभय बंग यांनी हे स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. पुढे तिथल्या दवाखान्याला माँ दंतेश्वरी या आदिवासींच्या देवीचं नाव दिलं तेही लोकांच्या सांगण्यावरून.

त्याच संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघरी विचारून अभ्यासली तेव्हा सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताचे निघाले (२०१५ मध्ये प्रसिद्ध). म्हणजे हा फक्त शहरातल्या कॅथलॅब-एमआरआय असलेल्या रुग्णालयांचा विषय नाही. पण सल्लागार गट मात्र हमखास पुण्या-मुंबईच्या ओपीडीतून भरला जातो. ज्याला सीटी स्कॅनसाठी तालुका ओलांडावा लागतो असा एक तरी माणूस गटात नसेल तर 'सातव्या दिवशी तपासणीला या' हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये बिनहरकत जातं.

रँकिन_तीन

मोजमापाबद्दल लिहिते, कारण गटाचा खरा उपयोग इथे होतो.

पक्षाघाताच्या बहुतेक चाचण्यांत मुख्य मोजमाप सुधारित रँकिन श्रेणी असते: ० म्हणजे काहीच त्रास नाही, ६ म्हणजे मृत्यू. २ आणि ३ मधली रेघ महत्त्वाची, कारण २ पर्यंत माणूस स्वतःचं स्वतः पाहू शकतो असं धरतात. या श्रेणीला थकवा दिसत नाही. बोलताना शब्द न सापडणंही तिच्यात फारसं उतरत नाही. बार्थेल निर्देशांकात जेवण, अंघोळ, कपडे, संडास, जिने अशा दहा बाबी आहेत. पण आपल्याकडचा रुग्ण विचारतो ते असं: मांडी घालून बसता येईल का, बसलेलं उठता येईल का, भारतीय पद्धतीच्या संडासात जाता येईल का, उजव्या हाताने घास तोंडात जाईल का, बादलीतून तांब्याने पाणी घेता येईल का, साडीच्या निऱ्या एका हाताने घालता येतील का.

आता इथे एक तांत्रिक अडचण आहे आणि ती गटाला पहिल्याच बैठकीत सांगावी. प्रमाणित श्रेणीतला शब्द आपल्या मनाने बदलता येत नाही. बदलला की ती श्रेणी प्रमाणित राहत नाही आणि दुसऱ्या अभ्यासांशी तुलना संपते. उदाहरणार्थ हृदय निकामी होण्याच्या (हार्ट फेल्युअर) रुग्णांसाठीची कॅन्सस सिटी प्रश्नावली. बारा प्रश्नांच्या आवृत्तीत सपाट रस्त्यावर 'एक ब्लॉक' चालणं आणि घाईने चालणं किंवा जॉगिंग यांबद्दल विचारलेलं आहे. साठीच्या शेतकरी बाईला दोन्ही परके. पण प्रश्नावली परवान्याची आहे. तिची अधिकृत भाषांतरित आवृत्तीच वापरायची, आणि गटाला अडलेले शब्द मुलाखत घेणाऱ्याच्या सूचनापत्रात लिहून ठेवायचे. गटाने सुचवलेल्या कामांसाठी वेगळी दुय्यम मोजमापं ठेवावीत: तीन-चार कामं, प्रत्येकाला 'स्वतः / मदतीने / जमत नाही' अशी तीन उत्तरं. सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही) नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी व्हावी लागते, तेव्हा हे सगळं त्याआधी ठरलेलं हवं. नंतर घुसवलेल्या मोजमापाकडे परीक्षक संशयानेच बघतात.

अजून एक. 'अटेंड' चाचणी आठवा: भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी करून घ्यायचे. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के, फरक नाही (लॅन्सेट, २०१७). अशा अभ्यासात उपचार देणारी व्यक्ती घरातली असते. ती सहसा सून किंवा पत्नी. तिचा दिवस कसा जातो हे काळजी घेणाऱ्यांच्या गटाकडून तासातासाने लिहून घेतल्याशिवाय 'दिवसातून अमुक मिनिटं व्यायाम' हा आकडा कागदावर टाकू नये.

नमुना_संख्या

@रँकिन_तीन, तीन-चार दुय्यम मोजमापं ठीक, दहा नकोत. जितकी जास्त तितकी योगायोगाने एखादं 'यशस्वी' दिसण्याची शक्यता वाढते.

संख्याशास्त्राच्या बाजूने दोन मोठ्या चाचण्या इथे उपयोगी आहेत. 'अडॅप्टेबल' ही अमेरिकेतली चाचणी: हृदयविकार असलेल्या १५,०७६ जणांत अ‍ॅस्पिरिन ८१ मिलिग्रॅम की ३२५ मिलिग्रॅम. रुग्ण-भागीदार आखणीपासून बरोबर होते, संमतीची संगणकीय पानं, भरतीचा मजकूर, निकाल कळवणं या सगळ्यात त्यांचा हात होता. निकाल २०२१ मध्ये आला: दोन्ही मात्रांत लक्षणीय फरक नाही. पण ३२५ च्या गटातले जवळजवळ ४२ टक्के लोक मधेच ८१ वर गेले, ८१ च्या गटातले फक्त ७ टक्के मात्रा बदलून ३२५ वर गेले. आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मुळात ८१ वरच होते. मला यातून दिसतं ते असं: रुग्ण सोबत असले तरी लोक आपल्या सवयीची गोळी सोडत नाहीत, म्हणून 'तुम्ही सध्या काय घेता आणि बदलायला तयार आहात का' हा प्रश्न नमुना-संख्या (अभ्यासात किती लोक घ्यायचे तो आकडा) काढण्याआधी गटाला विचारायचा. आपल्याकडे ७५ आणि १५० च्या गोळ्या चालतात, तिथेही हेच होईल.

दुसरी 'स्प्रिंट इंडिया', पक्षाघात पुन्हा होऊ नये म्हणून रुग्णांना माहिती देण्याची: ३१ केंद्रं, ४,२९८ रुग्ण, एसएमएस, व्हिडिओ आणि कार्यपुस्तिका १२ भाषांत. वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू अशा घटना साहित्य मिळालेल्यांत ५.५ आणि न मिळालेल्यांत ४.९ टक्के, फायदा दिसला नाही आणि चाचणी थांबवली. घटनाच इतक्या कमी असतील तर उत्तम साहित्यानेही मुख्य निकालात फरक दिसणं अवघड. रुग्णगटाकडून याची अपेक्षा ठेवू नका. गट काय थांबवू शकतो, तर गळती, म्हणजे लोकांनी अभ्यास मधेच सोडणं. सहा भेटींपैकी दोन फोनवर चालतील असं गटाने सांगितलं आणि ते शास्त्रीयदृष्ट्या चालत असेल, तर शेवटच्या मोजणीला येणारे लोक वाढतात. हा फायदा थेट आकड्यांत दिसतो.

केस_रेकॉर्ड

गळतीचा मुद्दा फार महत्त्वाचा. बैठकांच्या व्यवस्थेबद्दल वाचा_उपचार यांनी लिहावं अशी विनंती.

वाचा_उपचार

लिहिते. वाचाघाताच्या रुग्णाला बुद्धी शाबूत असते, शब्द अडतात. तो गटात नुसता बसून राहिला तर दोष व्यवस्थेचा.

कागद: बैठकीच्या आठवडाभर आधी घरी पोचवा. एका पानावर पाच-सहा वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, मुख्य शब्द ठळक, भरपूर मोकळी जागा. चित्र टाकायचं तर त्या वाक्याचंच, शोभेचं नको. बैठकीत 'हो / नाही / माहीत नाही' अशी मोठ्या अक्षरातली तीन कार्डं प्रत्येकापुढे. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा, मग पुढे जा. बहुतेक सूत्रसंचालक तीनपर्यंतही थांबत नाहीत. वाक्य दुसऱ्याने पूर्ण करायचं नाही, अगदी पत्नीनेसुद्धा, रुग्णाने खूण केल्याशिवाय.

बसण्याची जागा: मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की पुष्कळदा डाव्या बाजूचं भान राहत नाही. अशा सदस्याला बोलणारे सगळे उजवीकडे येतील असं बसवा, कागदही उजवीकडे सरकवून ठेवा. खुर्च्यांना हात हवेत, नाहीतर उठताना पडतात. तळमजला किंवा लिफ्ट, कमोड, भिंतीला कठडा.

वेळ: दीड तास, मधे पंधरा मिनिटं सुट्टी. सकाळी नऊची वेळ हार्ट फेल्युअरच्या सदस्यांना देऊ नका. लघवी होण्याची गोळी ते सकाळी घेतात, पुढचे दोन-तीन तास वारंवार उठावं लागतं आणि प्रवास तर नकोच वाटतो. मग ते गोळी चुकवून येतात, जे धोक्याचं आहे. साडेअकरा बरे. दुपारनंतर पक्षाघाताच्या रुग्णांचा थकवा वाढतो.

खाणं: चिवडा, शेंगदाणे, फरसाण ठेवू नका. गिळण्याचा त्रास असलेल्याला कोरडे सुटे कण थेट ठसका लावतात, आणि फरसाणातलं मीठ हृदयाच्या रुग्णांना वर्ज्य. पातळ चहा-पाणीसुद्धा काहींना चालत नाही. निमंत्रणाच्या फोनवरच 'पाणी पिताना ठसका लागतो का' हे विचारून घ्या. मऊ इडली, पिकलं केळं, बिनसाखरेचा चहा वेगळा. ज्यांना दाट केलेलं पेय सांगितलंय त्यांच्यासाठी घरून काय आणतात ते आणू द्या.

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये हे बरंच रुळलंय. किंग्ज कॉलेज लंडनमध्ये पक्षाघात-संशोधनासाठी रुग्ण आणि कुटुंबीयांचा गट २००५ पासून चालतो. कोणत्याही एका अभ्यासाचा नाही, कायमचा. संशोधक आपली कल्पना घेऊन गटापुढे येतात. हा फरक मोलाचा: अभ्यास संपला तरी गटाचं शहाणपण मोडीत निघत नाही. मानधनासाठी एनआयएचआरची (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) लिखित मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि सहभागाचा अहवाल लिहायला 'ग्रिप-२' ही २०१७ ची तपासयादी वापरतात. छोट्या आवृत्तीत पाचच मुद्दे: हेतू, पद्धत, काय निष्पन्न झालं, त्याची चर्चा, आणि काय जमलं-काय बिनसलं याचं परीक्षण. निबंध पाठवताना ही यादी भरून जोडली की 'रुग्णांचा सल्ला घेतला' असं एका ओळीत उरकता येत नाही.

हिशोबाची_वही

मानधनाबद्दल तुमच्याकडे नियम आहेत, इथे लेखा विभाग विचारतो 'कोणत्या शीर्षाखाली?' अर्जातच स्वतंत्र शीर्ष मागितलं नसेल तर नंतर काहीही करता येत नाही. रुग्णाला पैसे देणं म्हणजे आमिष, असा आक्षेपही येतो. काय करावं?

केस_रेकॉर्ड

आमिषाचा मुद्दा चाचणीतल्या सहभागींना लागू होतो, कारण तिथे पैशापायी धोका पत्करला जाण्याची भीती असते. सल्लागार सदस्य कोणतंही औषध घेत नाही, तो काम करतो. अर्जात 'समुदाय सल्लागार गट – मानधन व प्रवास' असं शीर्ष घाला, समितीच्या कागदांतही तोच आकडा दाखवा.

अंदाजपत्रक असं धरा: दहा सदस्य, दीड वर्षात सहा बैठका. मानधन माणशी १,००० रुपये म्हणजे ६०,०००. प्रवास सरासरी ४०० (सोबतच्या माणसासह) म्हणजे २४,०००. जागा-चहा बैठकीला २,००० म्हणजे १२,०००. छपाई आणि घरपोच कागद १५,०००. एकूण १,११,०००. तालुक्याबाहेरून येणारे असतील तर प्रवास दुप्पट धरा. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात किंवा यूपीआयने द्यायचा. दोन महिन्यांनी चेक, हे रोजंदारीवरच्या घराला परवडत नाही, आणि असा सदस्य दुसऱ्या बैठकीला येत नाही. बँक-पॅनचे कागद पहिल्या बैठकीआधीच जमवा.

पारा_स्तंभ

स्वयंसेवकांबद्दल कोणी लिहिलं नाही. 'होप-४' चाचणी (कोलंबिया आणि मलेशिया, ३० वस्त्या, १,३७१ लोक, २०१९) मध्ये डॉक्टर नसलेले आरोग्य कार्यकर्ते, मोफत औषधं आणि प्रत्येक रुग्णामागे घरातला किंवा ओळखीतला एक उपचार-साथी अशी रचना होती. वर्षभरात वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांपेक्षा सुमारे ११ अंकांनी जास्त उतरला. म्हणजे सामान्य माणसाचा हातभार निकालात दिसतो.

पण स्वयंसेवक मोजणी करणार असतील तर शिस्त लागते. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, बोलणं बंद. एक मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, दोन्ही लिहायच्या. दंडाचा घेर २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा, त्यापेक्षा जाड दंडाला मोठा. लहान पट्टा लावला की दाब खोटा वाढलेला दिसतो. पक्षाघाताच्या रुग्णात लुळा हात सोडून चांगल्या हाताला लावा. नाडी अनियमित असेल तर तीन नोंदी. आणि आकडा यंत्रावर दिसतो तसाच लिहायचा. १३७ चे १४० झाले की सगळी आकडेवारी शून्यावर संपणाऱ्या संख्यांची होते. दर आठवड्याला वहीतले शेवटचे अंक मोजा: शून्य दहापैकी एखाद्याच नोंदीत यायला हवा, निम्म्या नोंदींत येत असेल तर त्या स्वयंसेवकाला पुन्हा शिकवा. १८०/११० किंवा वर आलं तर काय करायचं, कोणाला फोन, हे कार्डावर छापून यंत्राच्या पेटीतच चिकटवा. सल्ला द्यायचा नाही, गोळी बदला म्हणायचं नाही.

सामान्य_सदस्य

संमतिपत्राबद्दल एक भर. गटाकडून 'समजलं का' असं विचारून घेऊ नका, सगळे हो म्हणतात. गटाबाहेरच्या पाच जणांना वाचून दाखवा आणि स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा: नाही म्हटलं तर उपचार बंद होतील का, कोणत्या गटात जाणार हे कोण ठरवतं, इजा झाली तर खर्च कोणाचा. पाचांपैकी दोघं चुकले की परिच्छेद पुन्हा लिहायचा. धोका टक्क्यांत नको, माणसांत लिहा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या १९९५ च्या मूळ अमेरिकन चाचणीचे आकडे घ्या: '१०० जणांना दिलं तर सुमारे ६ जणांच्या मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव होतो, न दिलेल्या १०० पैकी एकालाही क्वचितच होतो. पण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेले लोक १०० मागे ११ ते १३ ने वाढतात.' दोन्ही बाजू शेजारीशेजारी, एकाच आकाराच्या अक्षरात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निष्पक्ष साक्षीदार लागतोच, तो संशोधन पथकातला नसावा.

हिशोबाची_वही

शेवटची शंका. गटाने वीस सूचना केल्या आणि संशोधकांनी सहाच घेतल्या, तर उरलेल्या चौदांचं काय?

केस_रेकॉर्ड

चार रकान्यांचा तक्ता ठेवा: सूचना, घेतली की नाही, कारण, कोणत्या पानावर बदल झाला. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीच्या तक्त्याने. 'परवान्यामुळे प्रश्न बदलता येत नाही', 'पैसे नाहीत', 'संख्याशास्त्रात बसत नाही' ही सगळी कारणं लोक समजून घेतात. उत्तरच आलं नाही तर गट तिसऱ्या बैठकीला निम्मा होतो. सदस्यत्व दोन वर्षांचं, दर वर्षी दोन-तीन नवे घ्या, म्हणजे जुने नव्यांना तयार करतात. कोणी दगावलं किंवा पुन्हा झटका आला तर घरी फोन समन्वयकानेच करायचा आणि गटाला सांगायचं का हे घरच्यांना विचारूनच. आणि निकाल छापून यायच्या आधी, मासिकाने घातलेल्या प्रसिद्धीपूर्व गुप्ततेच्या मुदतीचा भंग न करता, एक पानी मराठी सारांश गटापुढे ठेवा. तो लिहिताना त्यांच्यातलेच दोघं सोबत बसवा.